अर्ध्या ड्रमातलं पाणी

अंबरनाथ-बदलापूरच्या गच्च्यांवरची बाग बहुतेक वेळा एका निळ्या ड्रमापासून सुरू होते. आसपास कारखाने असल्यामुळे भंगाराच्या दुकानांपुढे हे दोनशे लिटरचे ड्रम रचून ठेवलेले दिसतात. पोटाचा व्यास साधारण ५८ सेंटिमीटर, उंची ९० सेंटिमीटरच्या आसपास. दुकानदार ग्राइंडर लावतो, निळा भुसा उडतो आणि पाच मिनिटांत एका ड्रमाचे दोन तुकडे होतात. आडवा कापला तर दोन खोल कुंड्या मिळतात, उभा कापला तर दोन लांबट होड्या. कापायच्या आधी एकच गोष्ट विचारायची: यात काय होतं? फळांचा गर किंवा साखरेचा पाक येऊन गेलेला ड्रम घ्यावा. ज्याच्यावरचं लेबल खरवडलेलं आहे, ज्याला उग्र वास येतो, तो फुकट मिळाला तरी घेऊ नये. भाजी त्यात लावायची आहे आणि ती घरातली मुलं खाणार आहेत.

ड्रम गच्चीवर आला की दुसरा प्रश्न येतो. खाली काय घालायचं?

कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे. उल्हासनगरच्या बाल्कनीत तुळस आणि मोगरा सांभाळणाऱ्या काकू सांगतील, बदलापूरचा नर्सरीवाला सांगेल, माझ्या आईनेही हेच सांगितलं होतं: खाली खडी घाल, म्हणजे पाण्याचा निचरा होईल. पटण्यासारखंच आहे. खडीच्या फटी केवढ्या मोठ्या! पाणी त्यातून सुळकन निघून जाणार. शिवाय एवढा मोठा ड्रम मातीने भरायचा तर खर्च किती, तेवढी माती जिने चढून आणायची कुणी? तळाची वीतभर जागा खडीने भरली की दोन्ही कामं होतात.

मी माझ्या पहिल्या लिंबाला तसंच केलं. दहा सेंटिमीटर खडी, वर शेतातली काळसर माती आणि शेणखत. मे महिन्यात झाड तजेलदार होतं. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडायला लागली, गणपतीत गळायला लागली. सप्टेंबरच्या एका कोरड्या दिवशी मी ड्रम आडवा पाडून रिकामा केला आणि जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. तळाची खडी अगदी स्वच्छ होती, नुकतीच धुतल्यासारखी. तिच्या फटींत पाणी साचलेलं नव्हतं. पण खडीच्या बरोबर वर माती काळीनिळी आणि लिबलिबीत झाली होती, कुजलेल्या अंड्यासारखा वास येत होता आणि त्या थरात शिरलेली सगळी मुळं तपकिरी, सालं सुटलेली. खालची खडी मोकळी आणि वरची माती बुडालेली. पाणी वर अडून राहिलं होतं, त्याच्या खाली मोकळी वाट असताना.

हे कसं झालं, हे समजून घ्यायला मला एका स्पंजने मदत केली. भांडी घासायचा लांबट स्पंज घ्या आणि पाण्यात पूर्ण भिजवा. आता तो आडवा, तळहातावर ठेवल्यासारखा सपाट धरा, फक्त खालून बोटांचा आधार द्या. पाणी गळेल, मग थेंब थेंब होईल, मग थांबेल. स्पंज पिळलेला नाही, तो भरलेलाच आहे, पण गळणं बंद झालं. आता तोच स्पंज कडेवर उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं! ते थांबलं की सर्वात लांब बाजू उभी राहील असा धरा. पुन्हा गळतं. स्पंज तोच, त्यातली छिद्रं तीच, एक थेंबही नवीन घातलेला नाही. बदलली ती फक्त उंची.

घरी करून पाहा. मी हा प्रयोग दहा-बारा वेळा केला असेल, तरी उभं करताच पुन्हा सुरू होणारी ती धार पाहून दरवेळी तेवढंच नवल वाटतं.

पाणी छिद्रांना धरून राहतं. शाळेत आपण त्याला केशाकर्षण म्हणून शिकलो. भिंतीशी पाण्याचे रेणू चिकटतात, पाण्याचा पृष्ठीय ताण त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतो आणि नळी जितकी बारीक तितका पाण्याचा स्तंभ उंच उभा राहतो. जेम्स ज्युरिन या इंग्रज वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याचा नियम मांडला. त्याचे आकडे सोपे आहेत. छिद्र एक मिलिमीटरचं असेल तर पाणी साधारण ३ सेंटिमीटर उंच धरून ठेवलं जातं. छिद्र एक दशांश मिलिमीटरचं असेल तर ३० सेंटिमीटर. आता कुंडीकडे पाहा. तळाशी भोक आहे, पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली ओढलं जातंय, पण मातीची छिद्रं त्याला धरून आहेत. वरच्या भागातलं पाणी निघून जातं, कारण तिथे खालच्या स्तंभाचं ओझं जास्त आहे. तळाजवळ ते ओझं कमी पडतं आणि तिथे पाणी सुटत नाही. चांगल्या सैलसर मिश्रणाची छिद्रं तीन दशांश मिलिमीटरच्या आसपास धरली तर हा चिंब थर सुमारे १० सेंटिमीटरचा येतो. भोकं चार असोत की चाळीस, कुंडी लहान असो की मोठी, मिश्रण तेच असेल तर थर तेवढाच.

म्हणजे चहाच्या कपाएवढ्या १० सेंटिमीटरच्या कुंडीत हेच मिश्रण भरलं तर ती कुंडी तळापासून काठापर्यंत चिंब राहील, आणि ४५ सेंटिमीटरच्या अर्ध्या ड्रमात फक्त खालचे १० सेंटिमीटर. मोठ्या कुंडीत झाडं चांगली येतात याचं श्रेय आपण जास्त मातीला देतो. त्यातलं बरंचसं श्रेय उंचीचं आहे.

आता खडीचा हिशेब करू. ड्रमात ४० सेंटिमीटर भरण आहे असं धरा. सगळं मिश्रणच असेल तर खालचे १० सेंटिमीटर चिंब, वरचे ३० मुळांसाठी हवेशीर. त्याऐवजी तळाला १० सेंटिमीटर खडी घातली तर मिश्रण उरतं ३० सेंटिमीटर. चिंब थर मिश्रणाच्या तळाशी बसतो, म्हणजे खडीच्या डोक्यावर. मुळांना उरतात २० सेंटिमीटर. निचरा व्हावा म्हणून घातलेल्या खडीने मुळांची एक तृतीयांश हवेशीर जागा घेतली. माझ्या लिंबाचं नेमकं हेच झालं होतं. पाणी बारीक छिद्रांतून मोठ्या फटींत आपण होऊन उतरत नाही, कारण बारीक छिद्रांची ओढ जास्त. वरची माती पूर्ण तुडुंब भरल्यावरच ते नाइलाजाने खडीत ठिबकतं.

हे कुणी डोळ्यांनी पाहिलंय का? पाहिलंय, आणि त्याची फिल्मही केली आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वॉल्टर गार्डनर या मृदाशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या अरुंद पेटीत मातीचे थर भरले, वरून पाणी सोडलं आणि त्याचा प्रवास चित्रित केला. ओलाव्याची गडद कड मातीतून खाली सरकते, जाड कणांच्या थरापाशी पोहोचते आणि तिथेच थांबते. खाली जायच्या ऐवजी ती आडवी पसरते. खालचा थर कोरडा ठणठणीत, वर माती चिंब होत जाते आणि मग कधीतरी एखाद्या ठिकाणाहून पाणी खाली फुटतं. शेतीच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी ती फिल्म पाहिली, पण कुंडीत खडी घालायची पद्धत काही गेली नाही.

मग आपल्या अंगणातल्या जमिनीत पाणी असं का अडत नाही? कारण तिथे तळच नाही. परसातल्या मातीचा स्तंभ खाली मुरमात जातो, मुरूम फुटलेल्या कातळात जातो, आणि पाण्याला विहिरीच्या पातळीपर्यंत सलग वाट असते. खालचं पाणी वरच्या पाण्याला ओढत राहतं. तोच स्पंज, पण कित्येक मीटर उंच उभा केलेला. कुंडी म्हणजे त्या स्तंभाची खालची बाजू कापून टाकणं. गच्चीवर ठेवलेल्या प्रत्येक ड्रमाला पृथ्वीपासून तोडलेलं असतं, आणि त्याच्या सगळ्या अडचणी या तोडण्यातून येतात. याचा पडताळाही घेता येतो. तळाला मोठी भोकं असलेली कुंडी गच्चीवरून उचलून अंगणातल्या मोकळ्या मातीवर नीट टेकवून ठेवली, आतली माती खालच्या मातीला भिडली, की अडकलेलं पाणी जमिनीत उतरतं.

इथे मला आपल्या खाचरांबद्दल थांबून बोलायचंय. बदलापूरच्या आसपास अजून भातशेती आहे, आणि इमारत बांधायला शेत खणलं की तिथली माती ट्रॉलीने स्वस्तात मिळते. गच्चीवरच्या बागांत ती हमखास येते. माझ्या लिंबालाही तीच होती. ही माती कशी तयार झाली ते पाहा. आपल्या पायाखालचा काळा दगड हा दख्खनच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. चंदेरी किल्ल्याचे कडे त्याचेच. अंबरनाथचं शिवमंदिर याच काळ्या दगडाचं, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६०चं. वालधुनी नदीच्या काठी साडेनऊशेहून अधिक पावसाळे झेलून त्याच्या भिंतींवरच्या मूर्तींचे चेहरे आता झिजले आहेत. त्या झिजण्यातूनच माती होते. बेसॉल्ट कुजतो तेव्हा त्यातून अतिशय बारीक कणांची, पाण्याने फुगणारी आणि उन्हाने भेगाळणारी चिकणमाती निघते.

अशी माती भातखाचरात आली की शेतकरी तिची चिखलणी करतो. नांगर, बैल, हल्ली पॉवर टिलर, आणि घोटाभर पाण्यात माती रगडून रगडून तिचा लोण्यासारखा चिखल. चिखलणी कशासाठी? मातीचे गोळे मोडावेत, तिच्यातल्या मोठ्या फटी बुजाव्यात आणि पाणी खाली न जाता उभं राहावं म्हणून. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हुशारीने आणि कष्टाने निचरा बंद केलेली माती आपण ट्रॉलीने आणतो आणि निचरा व्हावा म्हणून तिच्याखाली खडी घालतो! अशा मातीची छिद्रं दोन शतांश मिलिमीटरची धरली तर ज्युरिनच्या नियमाने ती सुमारे दीड मीटर उंचीपर्यंत पाणी धरून ठेवेल. ड्रम अर्धा मीटरसुद्धा उंच नाही. तो तळापासून वरपर्यंत भिजलेलाच राहणार.

भात त्यात जगतो, कारण त्याने मोठी सोय करून ठेवली आहे. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ वाटा असतात. पानांकडून हवा त्या वाटांनी चिखलातल्या मुळांच्या टोकापर्यंत उतरते. लिंबाला, टोमॅटोला, जास्वंदीला अशा वाटा नाहीत. त्यांची मुळं मातीतल्या फटींमधली हवा घेतात. आणि पाण्यातून ऑक्सिजनचा प्रसार हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश होतो. फट पाण्याने भरली की मूळ गुदमरतं. मग ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू ताबा घेतात, आणि तो कुजक्या अंड्याचा वास येतो.

तेव्हा ड्रम भरायचा म्हणजे काय भरायचं? माझं उत्तर इतक्या वर्षांनी एवढंच आहे: फटी भरायच्या. दोन आकारांच्या. बारीक फटी पाणी धरतील, मोठ्या फटी पाणी सोडून हवा आत घेतील. आणि या दोन्ही फटी तळापासून काठापर्यंत सारख्याच पसरलेल्या हव्यात, वेगवेगळ्या थरांत नव्हेत. खडी हवीच असेल तर ती तळाला न घालता विटेच्या तुकड्यांच्या रूपाने सगळ्या मिश्रणात कालवावी. आपल्याकडे कल्याण-मुरबाडच्या बाजूला वीटभट्ट्या आहेत, फुटक्या विटांना तोटा नाही. हरभऱ्याएवढे तुकडे करून चाळून घेतले की आतली धूळ जाते. भाजलेली वीट स्वतःच्या पोटात पाणी धरते आणि दोन तुकड्यांमध्ये हवेला जागा ठेवते. दुसरं म्हणजे भाताचं तूस. भातगिरणीवर ते पोत्याने मिळतं. तुसात सिलिका भरपूर असते, त्यामुळे ते लवकर कुजत नाही आणि मातीला घट्ट बसू देत नाही. कोकोपीट पाणी उत्तम धरतं. त्याची पाच किलोची वीट भिजली की फुगून घमेली भरतात, मात्र ते दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात धुवावं, कारण नारळाच्या सोडणात मीठ असतं. माझ्या ड्रमात आता एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग तूस व विटेचे तुकडे असतात. भोकांवर फक्त एकेक खापरी किंवा नारळाच्या शेंडीचा पुंजका, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. माती शक्यतो मुरमाड तांबडी घ्यावी. वालधुनीच्या काठची गाळमाती कधीही आणू नये. त्या नदीत कारखान्यांचं काय काय उतरलंय ते आपण सगळे जाणतो.

मातीचा वाटा कमी ठेवायचं दुसरं कारण आहे वजन, आणि ते मला निचऱ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. अर्ध्या ड्रमात साधारण शंभर लिटर भरण बसतं. भिजलेली चिकणमाती लिटरला पावणेदोन-दोन किलो भरते. म्हणजे एक ड्रम १८० किलोच्या घरात. दहा सेंटिमीटर खडीचंच वजन ४० किलो होतं. आपलं बांधकामाचं मानक, आयएस ८७५चा दुसरा भाग, माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो इतका भार धरायला सांगतं. ड्रमाचं बूड पाव चौरस मीटरचं. असे आठ-दहा ड्रम स्लॅबच्या मधोमध एकमेकांना खेटून ठेवले तर काय होतं याचा हिशेब सोपा आहे. २०२१च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. त्या दुर्घटना कुंड्यांमुळे झाल्या नव्हत्या, त्या इमारतींच्या बांधकामाचा प्रश्न होता. पण तशाच वयाच्या इमारतींवर आज आपल्या बागा आहेत. जुनी इमारत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावी. ड्रम तुळईवर आणि भिंतींच्या रेषेवर, अंतर सोडून ठेवावेत. आणि भरण हलकं ठेवावं. वर सांगितलेलं मिश्रण भिजल्यावर ११०-१२० किलोपर्यंत जातं, पालापाचोळ्याचं भरण त्याहून कमी.

हलकं भरण घातलं तर झाडाचं पोट भरेल का, ही शंका मला बरीच माणसं विचारतात. तिचं उत्तर देणारा प्रयोग एका मोठ्या कुंडीतच झाला होता, आणि तो विज्ञानाच्या इतिहासातला फार सुंदर प्रयोग आहे. यान बाप्टिस्ट व्हान हेल्मॉन्ट हा आजच्या बेल्जियमचा वैद्य. त्याने एका कुंडीत २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, भट्टीत सुकवलेली माती भरली. आपल्या अर्ध्या ड्रमाएवढीच! त्यात पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं, आपल्या वाळुंजाच्या कुळातलं. पाच वर्षं फक्त पावसाचं किंवा ऊर्ध्वपातित पाणी घातलं, धूळ पडू नये म्हणून कुंडीवर भोकांचं झाकण बसवलं. पाच वर्षांनी झाड उपटून तोललं तर ते १६९ पौंड भरलं. मग माती पुन्हा सुकवून तोलली. ती घटली होती जेमतेम दोन औंस, म्हणजे साठ ग्रॅमही नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८मध्ये, हे छापून आलं. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. अर्धं बरोबर होतं. उरलेलं लाकूड हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून झालं होतं, आणि हवा तोलायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मातीतून गेलेले ते साठ ग्रॅम क्षार झाडाला हवेतच, त्यांच्याविना ते वाढत नाही. पण मातीचा ढीग झाड खात नाही. झाडाला तिथे उभं राहायला जागा हवी, पाणी हवं, मुळांना हवा हवी आणि चिमूटभर क्षार हवेत.

हे ज्यांनी आपल्याकडे कृतीत आणलं त्यांत दोन नावं मला फार जवळची आहेत. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवर उसाची चिपाडं भरलेल्या पिंपांत आणि पिशव्यांत भाज्याच काय, फळझाडंही वाढवली, माती अगदी थोडी वापरून. रसवंतीवाल्याकडचा चोथा, जो एरवी कचऱ्यात जातो, तो त्यांचा मुख्य माल. दुसरे श्रीपाद अच्युत दाभोलकर. गणिताचे प्राध्यापक, कोल्हापूरचे, ‘प्रयोग परिवार’ उभा करणारे. पालापाचोळा, शेण, गोमूत्र आणि थोडा गूळ यांतून माती घरच्या घरी घडवता येते हे त्यांनी शेकडो लोकांच्या हातांनी करून दाखवलं. या दोघांच्या विचारांतून प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर या शतकाच्या सुरुवातीला बाग उभी केली. खाली हजारो कामगारांचा स्वयंपाक होई, आणि त्यातला भाजीचा कचरा वर येऊन माती होई.

आपल्या भागातल्या राबाची मला इथे आठवण होते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत, वर माती असे थर रचून उन्हाळ्यात ते भाजायचे, ही इथली जुनी रीत. दाभोलकरांच्या ढिगातही जवळजवळ तेच जिन्नस आहेत. फक्त विस्तवाचं काम जिवाणू-बुरशी सावकाश करतात.

पालापाचोळ्याने भरलेल्या ड्रमाची एक खोड मात्र आधी सांगायला हवी, कारण तिने नवखी माणसं घाबरतात. ते भरण बसतं. फेब्रुवारीत पिंपळाची, देशी बदामाची, पर्जन्यवृक्षाची पानं गोळा करून ड्रम काठोकाठ चेपून भरला, मध्ये मध्ये शेणकाल्याचे आणि मातीचे पातळ थर दिले, तरी पावसाळा संपेपर्यंत तो अर्ध्यावर येतो. गेलं कुठे सगळं? भोकातून वाहून गेलेलं फारच थोडं. बाकीचं हवेत गेलं. जिवाणू आणि बुरशी त्या पानांवर जगतात, श्वास घेतात आणि पानातला कार्बन परत हवेत सोडतात, तिथूनच तो आला होता. नुसती कोरडी पानं भरली तर हे जीव कुजवण्यासाठी लागणारा नायट्रोजन झाडाच्या तोंडचा काढून घेतात, आणि रोप पिवळं पडतं. म्हणून शेण किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा जोडीला हवाच. बारमाही झाड लावायचं असेल तर आधी ड्रम एक पावसाळा बसू द्यावा, वर भर घालावी आणि मग झाड लावावं. नाहीतर लिंबाचं रोपच भरणाबरोबर खाली जातं आणि त्याचं खोड ओल्यात गाडलं जातं.

उभ्या कापलेल्या होडीचंही सांगतो. तिची खोली मध्यावर जेमतेम २९ सेंटिमीटर. तळाचे १० चिंब धरले तर मुळांना १९ उरतात. मेथी, पालक, कोथिंबीर, माठ यांना ते पुरतं, वांग्याला कमी पडतं. मी कागदावर क्षेत्रफळ मांडून पाहिलं तर गंमतच निघाली. होडीचं पोट गोल असल्यामुळे तळाशी जागा मुळात कमी असते, म्हणून चिंब भागाचा वाटा होडीत आणि उभ्या कुंडीत जवळजवळ सारखाच येतो, पावाच्या थोडा आत. गोलाईने उथळपणाची भरपाई केली.

आता आपला पाऊस. इथे वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पडतो असं धरा. अर्ध्या ड्रमाच्या तोंडावर त्यातले साडेसहाशे लिटर थेट उतरतात. शंभर लिटरच्या भरणातून चार महिन्यांत साडेसहाशे लिटर! २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस एका दिवसात नोंदला गेला. तो एखाद्या ड्रमावर पडला असता तर त्यात एका दिवसात अडीचशे लिटर पाणी ओतलं गेलं असतं. त्या पाण्याबरोबर विरघळणारे क्षार वाहून जातात, म्हणून पावसाळ्यापूर्वी खत घालून काही हाती लागत नाही. ते नवरात्रानंतर घालावं.

आणि तोच चिंब थर, जो जुलैत झाडाचा जीव घेतो, तो एप्रिलमध्ये त्याला वाचवतो. बदलापुरात पारा चाळिशीपार जातो, गच्चीचा स्लॅब चटके देतो, नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. तेव्हा तळाचे दहा सेंटिमीटर ओलावा हीच झाडाची शिल्लक. म्हणून मी आता भोकं दोन प्रकारची ठेवतो. तळाला चार, ज्यांना उन्हाळ्यात बुचं मारता येतात, आणि बाजूला तळापासून चार बोटं वर एक, जे कायम उघडं. होळीनंतर बुचं लावायची, मे संपताना काढायची.

पावसाळ्यासाठी आणखी एक युक्ती आहे. ड्रम तीन विटांवर उचलून ठेवायचा. भरण्याआधी तळाच्या एका भोकातून सुंभाची जाड दोरी ओवायची, अर्धी आत मातीत पसरलेली, अर्धी खाली लोंबती. विटा जितक्या उंच रचाल तितकी दोरी लांब. ही दोरी काय करते? ती स्पंज उभा करते. ड्रमाचा तळ जिथे संपला होता, तिथून पाण्याचा स्तंभ दोरीच्या धाग्याधाग्यांतून आणखी खाली लांबवते, आणि तळाशी अडून बसलेल्या पाण्याला पुन्हा ओढ लागते. पृथ्वीपासून तोडलेल्या कुंडीला सुंभाचा तुकडा परत थोडीशी पृथ्वी जोडून देतो.

मागच्या जुलैत, तीन दिवस झोडपून काढल्यावर पाऊस रात्री थांबला, तेव्हा मी टॉर्च घेऊन गच्चीवर गेलो. दोरी नसलेल्या ड्रमांचं गळणं केव्हाच बंद झालं होतं. दुसऱ्या लिंबाच्या ड्रमाखाली दोरीच्या टोकावरून पाणी पडत होतं, संथ, मोजता येईल असं, मिनिटाला सात-आठ थेंब. सकाळी पुन्हा जाऊन पाहिलं. खाली छोटं थारोळं झालं होतं, आणि सुंभाच्या टोकाला एक शेवटचा थेंब लोंबत होता. भरलेला, गोल, पडायच्या बेतात आलेला, आणि तरी धरून ठेवलेला.